बांडगूळ : झाडावरचे आणि माणसांतले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, किरकोळ संस्कारांसह)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी कार्यकारिणीने मला पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपवली होती. माझे सारे आयुष्य महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले. तेव्हा मी हुगळीकाठच्या वृक्षसंपदेवर किंवा संतवाङ्मयातील वृक्षवेलींवर चार शब्द बोलेन, अशी मंडळींची अटकळ असावी. मी ‘बांडगूळ’ हा विषय कळवला आणि आमच्या कार्यवाहांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. “सर, निमंत्रणपत्रिकेवर हाच शब्द छापायचा ना?” असा त्यांचा प्रश्न होता. वड, चंदन, अमरवेल यांपैकी कोणतेही नाव छापताना त्यांना हा प्रश्न पडला नसता. बांडगूळ हीही एक वनस्पतीच. पण हे नाव कानी पडले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वनस्पती येत नाही, माणूस येतो, आणि तोही सहसा आपल्याला न आवडणारा माणूस.

या निवडीला एक खाजगी कारणही आहे. ते मी समारोपाला सांगणार होतो. परंतु समारोपापर्यंत माझा धीर टिकेलच अशी शाश्वती नाही, म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो. आपल्या मंडळाच्या विसाव्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा इथे बसलेल्या काही ज्येष्ठांना आठवत असेल. सरकारी आणि बँकेच्या नोकरीत बदलीवर या गावी येणाऱ्या सभासदांना मताधिकार असावा की नसावा, असा घटनादुरुस्तीचा ठराव त्या दिवशी चर्चेला होता. वातावरण तापले होते. त्या वेळी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “दोन-तीन वर्षे एका झाडावर राहायचे, त्याचा रस शोषायचा, आणि मग पुढच्या झाडावर जायचे, आमच्या शास्त्रात याला बांडगूळ म्हणतात.” सभेत हशा पिकला. टाळ्याही पडल्या. ठराव माझ्या बाजूने मंजूर झाला. तिसऱ्या रांगेत बदलीवर आलेले एक जोडपे बसले होते. ते हसले नाहीत. पुढच्या गणेशोत्सवाला ते आले नाहीत, आणि वर्षभरात त्यांची बदली झाली.

माझ्या त्या एका वाक्यात शास्त्राच्या दोन चुका होत्या. बाकीची चूक कोणत्या प्रकारची होती ते आपण जाणताच. मी आधी शास्त्राच्या चुकांकडे वळतो, कारण त्या दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे.

पहिली चूक अशी की, बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कधीच जात नाही. ज्या फांदीवर ते रुजले त्या फांदीवरच ते मरते. फांदी वाळली की तेही वाळते. स्थलांतराचा मार्ग त्याला निसर्गाने ठेवलेलाच नाही. दुसरी चूक ‘रस शोषण्या’ची. आंब्यावर आपल्याला नेहमी दिसणाऱ्या बांडगुळाचे शास्त्रीय नाव डेंड्रॉफ्थी फॅल्काटा. जुन्या क्रमिक पुस्तकांतून आम्ही त्याला लोरँथस म्हणून शिकलो. त्याची पाने जाड, चिवट आणि हिरवीगार असतात. उन्हाळ्यात आंब्याच्या काळपट हिरव्या छत्रात एखादाच झुबका फिकट, वेगळ्याच पोताचा दिसतो, तो हा. पान हिरवे आहे याचा अर्थ त्यात हरितद्रव्य आहे. आणि हरितद्रव्य आहे याचा अर्थ ते सूर्यप्रकाशात आपले अन्न आपण शिजवते. मग ते झाडाकडून घेते काय? त्याचे शोषकमूळ सालीतून आत शिरून झाडाच्या प्रकाष्ठाला, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांना, जाऊन भिडते. तिथून ते पाणी घेते आणि पाण्यात विरघळलेले क्षार घेते. त्याबरोबर थोडेफार सेंद्रिय द्रव्यही येते, नाही असे नाही. पण ज्या परिकाष्ठातून झाडाने तयार केलेली साखर वाहते, त्यात हात घालण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. शिधा आपला, चूल आपली, पाणी मात्र शेजारच्या विहिरीचे, असा हा संसार आहे. म्हणून शास्त्र त्याला अर्धपरोपजीवी म्हणते. माझ्या वाक्यात ‘अर्ध’ हा शब्द नव्हता.

मी त्याची वकिली करतो आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. हा शेजारी पाणी बेताने काढत नाही. झाडाने टंचाईत आपली पर्णरंध्रे मिटली तरी बांडगुळाची बहुधा उघडी असतात. त्यामुळे चिकटलेल्या जागेच्या पुढचा फांदीचा शेंडा उपाशी पडतो आणि वाळतो. एकाच आंब्यावर दहा-बारा झुबके झाले तर मोहोर घटतो आणि झाड खंगते. बागाईतदार त्याच्या नावाने बोटे मोडतो ती उगाच नाही. त्याला नुसते ओढून काढून भागत नाही. शोषकमुळाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा फुटते, म्हणून गाठीच्या खालून फांदीच तोडावी लागते.

आता हे झाडावर येते कसे? या प्रश्नाचे उत्तर फार सुंदर आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या कोकणात लिहिला गेला. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी कोकणातील निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय होता : बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचा या पक्ष्यांचा वाटा. बांडगुळाचे फूल लांबट नळीसारखे असते. पिकलेली कळी आपण होऊन उमलण्याऐवजी जणू कोणाची तरी वाट पाहत थांबते. पक्ष्याने चोचीची हलकी चिमटी घेतली की ती फटकन उघडते आणि परागकण त्याच्या डोक्यावर उधळते. पुढे फळ धरते. ते गिळणारा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे फुलटोचा. चिमणीहूनही लहान, मातकट रंगाचा, सतत ‘चिक् चिक्’ करणारा हा पक्षी आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, पाहिला मात्र फार थोड्यांनी असेल. फळातला गर त्याच्या पोटात राहतो आणि बी काही मिनिटांतच बाहेर पडते. त्या बीवर असा काही चिकट लेप असतो की ते खाली पडतच नाही. पक्ष्याला बूड फांदीवर घासून ते पुसून टाकावे लागते. म्हणजे बी नेमके जिथे हवे तिथे, फांदीच्या सालीवर, चिकटवले जाते. तेव्हा झाडावर बांडगूळ आगंतुकपणे ‘येत’ नाही; त्याला कोणीतरी आणून बसवलेले असते. बदलीचा हुकूम हातात घेऊन या गावी उतरलेल्या माणसाला मी हा तपशील सांगितला असता तर तो कदाचित हसला असता.

आता शब्दाकडे वळू. हिंदीत बांडगुळाला ‘बांदा’ म्हणतात. तो संस्कृतातील ‘वन्दा’ या शब्दाचा वंशज. व्याख्यानाच्या तयारीसाठी मी आपल्या ग्रंथालयातून अमरकोश काढला. अमरसिंहाने वनौषधिवर्गात या वनस्पतीची चार नावे दिली आहेत : वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. यांतील वन्दा बाजूला ठेवू. उरलेल्या तीन नावांत तीन दृष्टी आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. ही बागाईतदाराची दृष्टी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. ही नुसते पाहून नोंद करणाऱ्याची, म्हणजे आम्हा शास्त्रवाल्यांची दृष्टी. आणि जीवन्तिका म्हणजे जगणारी, जिवंत राहणारी. यजमान झाडाची पाने झडून गेल्यावरही त्याच्या निष्पर्ण फांदीवर हा हिरवा झुबका तसाच असतो, ते ज्याने पाहिले त्याने हे नाव दिले असावे, असे मला वाटते. कोशकाराने तिन्ही नावे एका ओळीत ठेवली आणि निवाडा केला नाही. ग्रीकांवर आधारलेल्या आमच्या आधुनिक नावाने मात्र तो केला आहे : ‘डेंड्रॉफ्थी’ याचा सरळ अर्थ झाडाचा क्षय.

या ‘वन्दा’ शब्दाची पुढची हकीकत आपल्या नदीच्या पलीकडच्या काठावर घडली आहे. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी हिंदी वनस्पतींवर लिहिलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी एका झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला ‘वन्दा’ हे नाव दिले, आणि पुढे ते नाव एका मोठ्या प्रजातीला कायमचे लागले. आज फुलांच्या दुकानांतून जी निळी-जांभळी ‘वँडा’ महागड्या भावाने विकली जाते ती हीच. गंमत अशी की ऑर्किड हे बांडगूळ नव्हेच. ते झाडाच्या फांदीवर नुसते बसते. त्याची मुळे हवेतला ओलावा आणि सालीवरून ओघळणारे पावसाचे पाणी घेतात, फांदीच्या आत शिरत नाहीत. जागा वापरते, पाणी चोरत नाही. सह्याद्रीत ज्याला आपण सीतेची वेणी म्हणतो ते ऑर्किड याच कुळातले. आसामात ते कपौ फूल होऊन बिहूच्या नर्तकींच्या अंबाड्यात जाते. तरी त्याच्या भाईबंदांवर चोराचे नाव सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. बंगालीत तर ऑर्किड आणि बांडगूळ या दोघांनाही सर्रास ‘परगाछा’ म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा माणसालाही लावतात. दुसऱ्याच्या झाडावर बसलेला दिसला की तो खाणाराच असणार, ही समजूत सर्व प्रांतांत सारखीच दिसते.

इंग्रजीत या जातीच्या जीवांना ‘पॅरासाइट’ म्हणतात, हे आपण सारे जाणतो. माझा बराच काळ असा समज होता की हा मूळचा जीवशास्त्राचा शब्द, आणि माणसांना तो रूपकाने लावला गेला. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ग्रीक भाषेत ‘पारा’ म्हणजे जवळ, आणि ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न. ‘पारासितोस’ म्हणजे शेजारी बसून जेवणारा. आपल्याकडचा ‘भोजनभाऊ’ हा शब्द त्याच्या इतका जवळ आहे की भाषांतर म्हणून तो खुशाल वापरावा. अथीनीअस नावाच्या ग्रीक ग्रंथकाराने नोंदवून ठेवले आहे की प्राचीन काळी हा शब्द मानाचा होता : देवस्थानाच्या धान्यकोठाराशी संबंधित असलेले आणि देवाच्या प्रसादाच्या पंगतीला पुरोहिताबरोबर बसण्याचा अधिकार असलेले लोक, ते पारासितोस. पुढे सुखात्मिका लिहिणाऱ्यांच्या हाती तो पडला आणि श्रीमंताच्या घरी थट्टामस्करी करून, त्याची तोंडपूजा करून जेवण मिळवणारे पात्र या नावाने रंगभूमीवर आले. रोमन नाटककार प्लॉटसच्या नाटकांत ते हटकून भेटते. आपल्या संस्कृत नाटकांतील मोदकांवर डोळा ठेवणारा विदूषक त्याचा दूरचा नातलग म्हणता येईल. फरक इतकाच की आपला विदूषक खादाड असला तरी मित्राला सोडून जात नाही.

युरोपात शतकानुशतके ‘पॅरासाइट’ हा असा माणूसच होता. वनस्पतींना आणि किड्यांना ते नाव त्यानंतर पुष्कळ काळाने मिळाले. एखाद्या शास्त्रज्ञाने झाडावरचा झुबका पाहिला आणि त्याला जेवणावळीतला तोंडपुज्या आठवला. शास्त्राने मग झाडालाही ‘यजमान’ म्हटले, म्हणजे पंगतीची कल्पना पुरती नेली. आपल्या मराठीत प्रवास उलट दिशेने झाला. बांडगूळ आधी झाडावर होते. तिथून ते सावकारावर, दलालावर, आयतोबावर, भिक्षुकावर, संस्थानिकावर, आणि ज्याचा त्याचा राग असेल त्या त्या वर्गावर बसत गेले. दोन्ही प्रवासांत घडले मात्र एकच. शब्द शास्त्राच्या दारातून जाऊन परत माणसापाशी आला, तेव्हा त्याच्यावर शास्त्राचा शिक्का होता. ‘हा माणूस फुकट्या आहे’ असे म्हटले तर ते माझे मत ठरते. त्यावर वाद घालता येतो. ‘हा माणूस बांडगूळ आहे’ असे म्हटले की तो जणू निसर्गनियम होतो. आणि बांडगुळाचे काय करायचे असते ते प्रत्येक माळ्याला ठाऊक आहे. शिवीबरोबर कोयताही हातात येतो.

हा कोयता कुठवर जातो हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. जर्मनीतील नाझी प्रचाराने ज्यूंना इतर राष्ट्रांच्या देहावरचे पॅरासाइट म्हटले, आणि पुढे त्या शब्दाला अनुसरूनच त्यांच्याशी व्यवहार केला. सोव्हिएत रशियात कारण वेगळे होते. तिथे १९६१ साली ‘समाजोपयोगी श्रम’ टाळणाऱ्यांविरुद्ध कायदा कडक करण्यात आला. १९६४ साली लेनिनग्राडच्या न्यायालयात जोसेफ ब्रॉडस्की नावाचा तेवीस वर्षांचा तरुण उभा होता. तो कविता लिहीत होता, भाषांतरे करीत होता. पण नोकरीच्या नोंदी सलग नव्हत्या. रशियन भाषेत आरोपाचा शब्द ‘फुकट खाणारा’ अशा अर्थाचा आहे; जगाच्या वर्तमानपत्रांनी त्याचे भाषांतर ‘सामाजिक पॅरासाइट’ असे केले. त्याला पाच वर्षांची सक्तमजुरीची हद्दपारी मिळाली. जगभरातून निषेध झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्याची सुटका झाली. १९८७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने त्या झाडाकडून किती पाणी घेतले आणि स्वतःच्या पानांत काय शिजवले, याचा हिशेब न्यायाधीशाने मांडलाच नव्हता.

आता मी प्रारंभी ज्या तीन नावांचा उल्लेख केला त्यांच्याकडे येतो. ती मी सहज घेतली नव्हती.

अमरवेल घ्या. तिला पाने नाहीत म्हटले तरी चालेल. पिवळ्या दोऱ्यांचे ते जाळे कुंपणावर पसरलेले असते. हरितद्रव्य जवळजवळ नाही, आणि बी रुजून आधार सापडला की जमिनीतले मूळही सुकून जाते. पाणी, क्षार, साखर सारे काही ती आधाराच्या झाडातून काढते. ‘अर्ध’ हे विशेषण तिला लागू पडत नाही. ती पूर्ण परोपजीवी आहे. आणि नाव? अमरवेल! बंगालीत तर तिला ‘स्वर्णलता’ म्हणतात, मुलींची नावेही स्वर्णलता ठेवतात. तारकनाथ गंगोपाध्यायांची १८७४ची गाजलेली कादंबरी याच नावाची आहे. सोन्यासारखा रंग आणि वेलीची नाजूक चाल यांवर माणूस भाळला. तिच्या पोटापाण्याची चौकशी कोणी केली नाही. अर्धा प्रामाणिक तो शिवी ठरला, आणि पुरती दरोडेखोर ती लेकीचे नाव झाली.

दुसरे नाव चंदनाचे. ‘चंदनासारखा झिजला’ याहून मोठा गौरव मराठीत नाही. मृत्युलेखांतून, सत्कारसमारंभांतून, आपल्या मंडळाच्या अहवालांतूनही ही उपमा दर वर्षी एकदा तरी येते. परंतु जमिनीखाली काय चालते? १८७१ साली, इथून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचे त्या वेळचे क्युरेटर जॉन स्कॉट यांनी दाखवून दिले की चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांतून पाणी व क्षार ओढून घेतात. चंदन अर्धपरोपजीवी आहे. झाडावरच्या बांडगुळाचा जो वर्ग, तोच त्याचा. दोघांचे वनस्पतिशास्त्रीय नातेही आहे, कारण दोन्ही कुळे एकाच गणात मोडतात. रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी पिशवीतच तुरीचे रोप लावतात ते याचसाठी. एकटे ठेवले तर ते खुरटते. बांडगुळाचा व्यवहार फांदीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतो, चंदनाचा जमिनीखाली. हे मी वर्गात शिकवत असे तेव्हा दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी दुखावल्यासारखा दिसे. त्याने दुखावून घेऊ नये असे मला वाटते. सुगंध खोटा ठरत नाही. फक्त तो एकट्याच्या कमाईचा नव्हता एवढे कळते. ज्या करंजाने, ज्या तुरीने त्या सुगंधाला पाणी पुरवले, त्यांच्या नावाची उपमा मात्र आपल्या भाषेत नाही.

तिसरा वड. वटपौर्णिमेला आपल्या भगिनी ज्याला सूत गुंडाळतात तो वड अनेकदा दुसऱ्या झाडाच्या माथ्यावरच जन्म घेतो. पक्ष्याने टाकलेले बी खजुरीच्या किंवा ताडाच्या बेचक्यात रुजते. तो आत शिरून पाणी ओढत नाही, म्हणून शास्त्रदृष्ट्या तो परोपजीवी नव्हे. त्याची मुळे मात्र खाली उतरतात, जमीन गाठतात, जाड होतात, मूळ झाडाभोवती आवळत जातात, वरून सावली धरतात, आणि काही वर्षांत आतला यजमान दिसेनासा होतो. पण वड मोठा होतो, शेकडो वर्षे जगतो, गावाला सावली देतो. त्याच्या बालपणाची चौकशी करणे आपल्याला असभ्य वाटते. शिबपूरच्या महावटवृक्षाचा मूळ बुंधाही आता नाही. रोग लागल्याने तो १९२५ साली काढावा लागला. आज ते अरण्य पारंब्यांवर उभे आहे. याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय.

शास्त्रापुरती एक गोष्ट राहिली. बांडगूळ काढून टाकले तर रानाचे भलेच होईल, असे कोणालाही वाटेल. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे प्रत्यक्ष करून पाहिले. काही राने निवडून त्यांतील बांडगुळे काढली, काही तशीच ठेवली, आणि तीन वर्षांनी पक्षी मोजले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बांडगुळे काढलेल्या रानांत पक्ष्यांच्या जातींपैकी सुमारे एक-पंचमांश कमी झाल्या होत्या. न काढलेल्या रानांत घट नव्हती. गंमत म्हणजे, गेलेल्यांत बांडगुळाची फळे खाणारे पक्षी मुख्य नव्हते, तर जमिनीवर किडे टिपणारे होते. कारण पुढे असे सुचवले गेले : बहुतेक झाडे पान गळण्यापूर्वी त्यातली पोषकद्रव्ये परत ओढून घेतात, बांडगूळ तसे फारसे करत नाही. त्याची पाने भरल्या ताटासारखी खाली पडतात. त्यावर माती, मातीवर किडे, किड्यांवर पक्षी. वरून उचललेले ते खाली असे वाटत होते. त्या रानांचा निष्कर्ष मी आपल्या आमराईला लावणार नाही. रान आणि बाग यांचे हिशेब वेगळे असतात.

आणि आपण, बंगालात राहणारी मराठी माणसे? या भूमीत आपले पहिले नाव चांगले नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा इथे चौथाईसाठी आल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, आणि ‘बारगीर’ शब्दाचा अपभ्रंश ‘बर्गी’ होऊन बंगाली आईच्या अंगाईत कायमचा राहिला. माझ्या शेजारच्या घरात ते गाणे मी अजून ऐकतो. गाणारीला मी मराठी आहे हे ठाऊक आहे. गाताना तिच्या ते लक्षातही नसते. इतिहास म्हणून ते मान्य केलेच पाहिजे : तेव्हा आपण पाणी ओढून नेले. त्याच भूमीत १८६९ साली एका मराठी घराण्यात सखाराम गणेश देऊस्कर जन्मले. त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. इंग्रजी राज्यात या देशाची संपत्ती कशी शोषली जाते याचे आकडेवारीनिशी वर्णन त्यात होते. तो बंगाली घराघरांत वाचला गेला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कोण कोणाच्या जिवावर जगते आहे, हा प्रश्न या प्रांताला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा मनुष्य बर्ग्यांच्या जातभाईंपैकी होता. देऊस्करांना परगाछा म्हणावे की काय म्हणावे, ते बंगाली वाचकांनी केव्हाच ठरवून टाकले आहे.

अमरकोश काढण्यासाठी ग्रंथालयात गेलो, असे मी मघाशी म्हणालो. तिथली एक गोष्ट सांगायची राहिली. ग्रंथपाल त्या दिवशी नव्हते, म्हणून कपाटाचा क्रमांक शोधायला मी दाखल-नोंदवही उघडली. लेखक, विषय, प्रकाशनवर्ष, देणगीदार, पुस्तकाची स्थिती, सारे रकाने वळणदार अक्षरात भरलेले. अकराशेहून अधिक पुस्तके. आज तीस वर्षे मंडळ तीच वही वापरते आहे. अक्षर कोणाचे, म्हणून मी सहज चौकशी केली. तिसऱ्या रांगेतल्या त्या जोडप्यातील बाईंचे. त्या दोन वर्षांत दर शनिवारी दुपारी येऊन त्यांनी हे काम केले होते, आणि शेवटची काही पाने सभेनंतरच्या तारखांची होती. गणेशोत्सवाला त्या आल्या नाहीत. वही मात्र पुरी करून गेल्या. त्यांचा पत्ता आमच्यापैकी कोणाकडेही नाही.

सभासदांच्या मताधिकाराचा तो ठराव अजून घटनेत आहे. तो रद्द करण्याची सूचना मी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ती चर्चेला येईल. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.

मंडळाच्या आवारातील आंब्यावर बांडगुळाचे तीन झुबके आहेत, त्याबद्दलही मला कार्यकारिणीने सल्ला विचारला होता. दक्षिणेकडच्या फांदीवरचे दोन पावसापूर्वी, गाठीच्या खाली हातभर अंतर ठेवून कापावेत; त्या फांदीचा शेंडा वाळू लागला आहे. उरलेला एक लहान आहे, झाड जोमदार आहे, आणि त्या झुबक्यावर सकाळी सात-साडेसाताच्या सुमारास फुलटोचा येतो. तो तसाच राहू द्यावा.